पाटीवरची दुसरी ओळ

मित्रांनो, रस्त्याने येता-जाता तुम्ही मला पुष्कळदा पाहिलं असेल, वाचलं मात्र नसेल. त्याचा मला राग नाही. एका घराच्या लोखंडी फाटकावर दोन तारांनी बांधलेली मी एक जुनी पत्र्याची पाटी. दीड हात लांब, वीतभर रुंद. उजवा कोपरा वाकलेला आहे आणि त्या कोपऱ्याला निळ्या रंगाचा एक ओरखडा आहे. तो रंग माझा नाही. तो कसा लागला हे सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागेल.

मी जन्माने पाटी नव्हते. मी एका मोटारीचं दार होते.

ती मोटार गाडी शिकवणाऱ्या एका मास्तरांची होती. त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असे. शिकणारा घाबरला की मास्तर तो ब्रेक दाबत आणि शांतपणे म्हणत, "काही झालं नाही. पुन्हा." एवढंच त्यांचं रागावणं. अर्ध्या गावाने त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकली. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस लांबूनही ओळखू येई, कारण गाडी थांबली की तो उतरायची घाई करत नसे. आधी ब्रेक, मग गिअर, मग किल्ली, मग पट्टा, शेवटी दार. म्हणजे हँडब्रेक ओढायचा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, किल्ली काढायची, पट्टा सोडायचा आणि मगच दाराला हात लावायचा. मास्तर हे पाढ्यासारखं म्हणून घेत. ब्रेक, गिअर, किल्ली, पट्टा, दार. "उभी गाडी म्हणजे झोपलेलं जनावर," ते म्हणत. "निजलंय म्हणून सोडून जाऊ नका. बांधा."

मास्तरांना एकच मुलगी. तिला बाराखडीच्या आधी हा पाढा आला. खुर्चीवर बसून ती गाडी चालवी, थांबवी, ओठांतल्या ओठांत पाचही शब्द म्हणे, आणि मगच खुर्चीवरून उतरे.

एकवीस वर्षं चालून ती मोटार थकली. भंगारवाला ती न्यायला आला तेव्हा मास्तरांनी एक दार मागून घेतलं. त्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'शिकाऊ चालक. अंतर ठेवा.' नेमका तेवढा तुकडा त्यांनी कापून घेतला आणि उलटा केला. अशी मी पाटी झाले. जुनी अक्षरं माझ्या पाठीवर अजून आहेत. रस्त्यावरच्या लोकांना माझं तोंड दिसतं, घरातल्यांना पाठ.

मला रंगवलं मास्तरांनी, पण अक्षरं आखली मुलीने. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. पट्टी, पेन्सिल, खोडरबर असा सगळा सरंजाम घेऊन ती पायरीवर बसली होती. 'फाटकासमोर' हा शब्द तिने इतका मनापासून काढला की त्यातच अर्धी जागा संपली. 'गाडी' कशीबशी बसली. 'लावू' झालं आणि 'नये'ला दोन बोटं जागा उरली. मुलगी रडवेली झाली. मास्तर म्हणाले, "असू दे. बारीक आवाजात सांगितलं असं समजू." आणि त्यांनी ते तसंच रंगवलं. लांबून पाहिलं तर माझ्यावर 'फाटकासमोर गाडी लावू' एवढंच दिसे. सगळी गल्ली त्यावरून वर्षानुवर्षं हसली.

आता माझ्या कामाविषयी. आमच्या घराची जमीन फाटकापासून आत चढत जाते, म्हणून फाटक आत उघडत नाही, बाहेर रस्त्याकडे उघडतं. घराला दुसरी वाट नाही. तिन्ही बाजूंना छातीभर उंचीची भिंत आणि भिंतीवर लोखंडी भाले. म्हणजे कोणी फाटकाला लागून गाडी उभी केली तर नुसती आतली गाडी अडत नाही, फाटकच अडतं. एखादा माणूस अंग चोरून जाईल एवढी फट राहते, तेवढीच. हे बाहेरच्याला सांगावं लागतं. ते सांगण्यासाठी मी होते.

सांगून ऐकतं कोण? माझ्यावर चेंडू आदळले, जाहिराती चिकटल्या, कोणी हातही पुसले. समोरच्या घरात एक ठेकेदार राहत. त्यांची जीप आठवड्यातून चार दिवस माझ्यासमोर उभी. मास्तर भांडत नसत. जीपच्या काचेवर चिठ्ठी ठेवत, 'आपली गाडी आमच्या फाटकासमोर विसरलेली दिसते.' ठेकेदार चिठ्ठी घेऊन यायचे.

"मास्तर, रस्ता सरकारचा आहे."

"आहेच. फाटक माझं आहे. मधलं हातभर कोणाचं ते ठरवू."

"अहो, तुमचीच पाटी म्हणते, फाटकासमोर गाडी लावू. म्हणून लावली."

"शेवटचा शब्द वाचा."

"चष्मा आणायला जातो, तोवर राहू दे गाडी."

ते घरी जात, आणि मास्तर आत येऊन मास्तरीणबाईंना म्हणत, "हा माणूस फार वाईट आहे. आज त्याने मला हसवलं." असं आठ वर्षं चाललं. मित्रांनो, मला तेव्हा वाटायचं की हा ठेकेदार आपला वैरी. पाटीला फार लांबचं दिसत नाही.

मुलगी मोठी झाली. अर्थातच वडिलांजवळ गाडी शिकली आणि मग नोकरीसाठी दूरच्या गावी गेली. स्वतःची गाडी तिच्याजवळ नव्हती. वर्षातून दोनदा यायची ती बसने. खांद्याला पिशवी, एक हात माझ्या वरच्या कडेवर, आणि फाटक उघडून आत. माझ्याकडे ती पाहत नसे. पाहायचं कशाला? मला तिनेच आखलं होतं. जिच्यासमोर लहानाचं मोठं व्हावं ती पाटी कोणी पुन्हा वाचतं का?

ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या गल्लीत जागेची बोंब झाली. घरं तेवढीच राहिली, गाड्या दुप्पट झाल्या. प्रत्येक फाटकासमोर कोणाची तरी गाडी. शेजारच्या घरात रुग्णालयात काम करणाऱ्या एक सिस्टर राहतात. एका सकाळी त्यांची गाडी आत अडकली, बाहेरच्या गाडीचा मालक सापडेना, आणि त्या ड्युटीला तासभर उशिरा पोचल्या. त्या संध्याकाळी सगळी गल्ली आमच्या पायऱ्यांवर जमली. मास्तरीणबाईंनी दोनदा चहा केला.

"मी अडले तर माझ्यामागे पेशंट अडतो," सिस्टर म्हणाल्या. "उद्या तुमच्यातलाच कोणी असेल."

"मग गाड्या काय डोक्यावर घेऊन फिरायच्या?" ठेकेदार म्हणाले.

बराच कलकलाट झाला. मग मास्तर म्हणाले, "ब्रेक लावू नका."

सगळे हसायला लागले. जन्मभर ज्याने ब्रेक ब्रेक म्हणून घोकून घेतलं, तोच म्हणतोय लावू नका. मास्तर म्हणाले, "ऐका तर खरं. आपली गल्ली ताटासारखी सपाट आहे. कोणाच्या फाटकासमोर गाडी लावायचीच झाली तर हँडब्रेक सोडून ठेवायचा, गिअर न्यूट्रलला, चाकं सरळ. मग कुलूप लावून कुठेही जा. ज्याला बाहेर पडायचंय तो एका हाताने गाडी पुढे ढकलेल, निघून जाईल. तुम्हाला हाक मारायची वेळच त्याच्यावर येणार नाही. आपल्यामुळे दुसऱ्याला हाक मारावी लागू नये, हीच रीत."

"आणि तुमचा पाढा?" ठेकेदारांनी विचारलं.

"पाढा रस्त्यासाठी. हे शेजाऱ्यांसाठी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यावर दुसरी ओळ लिहिली. या वेळी आखायला कोणी नव्हतं, म्हणून अक्षरं जरा तिरकी आली. 'लावलीच तर न्यूट्रलला ठेवा. हँडब्रेक लावू नका.' अख्ख्या गल्लीत ती एकच पाटी होती आणि ती सगळ्यांना पुरली. कोणाकडे पाहुणा आला की आधी पाणी नाही, आधी न्यूट्रल, असं लोक गमतीने म्हणू लागले. ज्याचा पाहुणा त्याने सांगायचं, हा नियम. मास्तर रोज सकाळी एक फेरी मारत आणि उभ्या गाड्यांना एका तळव्याने हलकेच ढकलून पाहत. गाडी वीतभर सरकली की पुढे. ठेकेदारांची जीप सगळ्यांत आधी सरके. वैर कुठल्या कुठे गेलं. मास्तर म्हणत, जगात एवढं एकच भांडण मी मिटवलं, तेही ब्रेक काढून.

माझ्या आयुष्यातली ती चांगली वर्षं. लोक मला वाचत होते. ऐकतही होते.

आता तो दिवस.

सकाळी अकराच्या सुमाराला एक निळी गाडी गल्लीत शिरली. नवी होती, सीटवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. चालवत होती मुलगी. आयुष्यातली पहिली गाडी घेऊन ती सरळ वडिलांना दाखवायला आली होती. मास्तर फाटकात उभे होते. आत त्यांची स्वतःची गाडी होती, दुसरीला जागा नव्हती. मुलीने माझ्यासमोरची जागा पाहिली, आरसा पाहिला, आणि एका दमात गाडी मागे घेऊन फाटकाला समांतर उभी केली. चाकं सरळ, कडेपासून वीतभर अंतर. मग ती आत बसून राहिली. काचेतून तिचे ओठ हलताना दिसत होते. ब्रेक. गिअर. किल्ली. पट्टा. दार.

ती फटीतून अंग चोरून आत आली. "कशी लावली, बाबा?"

मास्तरांनी तोंड उघडलं. "अगं, ती..." एवढं म्हणाले आणि थांबले. पुढे काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं, माझ्यावर लिहिलेलंच होतं. पण ती त्यांच्याकडे पाहत होती, नऊ वर्षांची असताना पट्टी हातात घेऊन पाहायची तशी.

"दहापैकी दहा," ते म्हणाले.

त्यांनी जन्मात कोणाला सातच्या वर गुण दिले नव्हते.

तासाभराने मुलगी आईबरोबर बाहेर पडली. आईचा नवा चष्मा दुकानातून आणायचा होता. "गाडीने जाऊ या की," आई म्हणाली. मुलगी म्हणाली, "बाजारात लावायला जागा कुठे मिळते, आई? त्यापेक्षा चालू. इथे छान लागलीय." किल्ली तिच्या पर्समध्ये होती. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. आईने फोन कधी वापरलाच नव्हता.

त्या कोपऱ्यावरून वळल्या तेव्हा मास्तर फटीतून रस्त्यावर आले. सवयीने त्यांनी निळ्या गाडीच्या मागच्या बाजूला तळवा टेकवला आणि हलकेच ढकलली. गाडी हलली नाही. त्यांनी पुन्हा ढकलली. ते पाठमोरे होते, चेहरा मला दिसला नाही. समोर ओट्यावर ठेकेदार बसले होते, त्यांच्याशी ते काहीतरी बोलले. मागून एक स्कूटर गेली, मला शब्द ऐकू आले नाहीत. मग वाटेतली धूळ गाडीवर बसली होती ती पुसावी म्हणून मास्तर बादली आणि फडकं आणायला आत गेले.

घरामागच्या नळाशी ते खाली बसले. मग आडवे झाले.

नळ वाहतच राहिला, म्हणून शेजारच्या सिस्टरांनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. त्या धावत आल्या. त्यांच्या हाताला नाडी लागत होती. "यांना उठवायचं नाही, बसवायचं नाही, चालवायचं तर मुळीच नाही," त्यांनी बजावलं आणि रुग्णवाहिका बोलावली. ती लवकर आली. फार लवकर आली, मित्रांनो. सात मिनिटांत ती आमच्या दारात होती.

आणि दार उघडेना.

स्ट्रेचर घेऊन आलेल्या दोघांनी फाटक ओढलं. ते निळ्या गाडीला लागून थांबलं. माझा कोपरा गाडीच्या दाराला घासला. त्यांनी स्ट्रेचर तिरकं करून फटीत घातलं, ते अर्ध्यात अडकलं, मागे ओढून काढण्यात आणखी वेळ गेला. "दुसरी वाट?" एकाने विचारलं. नाही. भिंतीवरून? भाले.

"ढकला गाडी," ठेकेदार ओरडत आले आणि त्यांनी खांदा लावला. आमच्या गल्लीत गाडी ढकलायला खांदा कधीच लागला नव्हता. आणखी चौघे आले, मग सहा. चाकं जागची हलली नाहीत. फाटक पुन्हा पुन्हा गाडीवर आदळत होतं, आणि फाटकाबरोबर मी.

"ब्रेक लावलाय."

"कोणी लावला? कोणाची गाडी आहे ही?"

"मास्तरांच्या मुलीची."

सगळे क्षणभर थांबले. दुसऱ्या कोणाची असती तर थांबले नसते, असं मला वाटतं. कोणीतरी तिचा फोन लावला. तो आत स्वयंपाकघरात वाजला, बाहेरपर्यंत ऐकू आला. "उचलून सरकवू," एक जण म्हणाला. त्यांनी मागची बाजू उचलायचा प्रयत्न केला, ती जराशी उठली आणि पुन्हा तिथेच बसली. "काच फोडा," दुसरा म्हणाला. तिसरा म्हणाला, "अहो, नवी गाडी आहे. मास्तरांना काय वाटेल?"

हे वाक्य बोलणारा माणूस वाईट नव्हता. त्यालाही गाडी मास्तरांनीच शिकवली होती.

शेवटी ठेकेदारांनी कुंडीखालची वीट उचलली आणि काच फोडली. हात आत घालून दार उघडलं, ब्रेक सोडला, गिअर काढला. गाडी एका धक्क्यात पुढच्या घरापर्यंत गेली. फाटक सताड उघडलं. किती वेळ गेला होता? सिस्टरांना नंतर पुष्कळांनी विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी घड्याळ पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं."

रुग्णवाहिका निघून गेल्यावर थोड्याच वेळात मायलेकी कोपऱ्यावरून आल्या. आईने नवा चष्मा लावला होता आणि ती वाटेतल्या घरांकडे कौतुकाने पाहत येत होती. मुलीला लांबूनच गाडी दिसली, फाटकापासून पुढे सरकलेली, काचेचा चुरा झालेली. ती पळत आली. तिचं पहिलं वाक्य होतं, "माझ्या गाडीची काच कोणी फोडली?"

ठेकेदारांनी हात वर केला, शाळेत करतात तसा. हाताला रक्त होतं. "मी," ते म्हणाले. मग म्हणाले, "ताई, आधी वहिनींना धर."

मास्तर परत आले नाहीत. थोडं आधी आणलं असतं तर काय झालं असतं, हे त्या दिवशी दोघींनीही डॉक्टरांना विचारलं, वेगवेगळं, एकमेकींना नकळत. सांगता येत नाही, असं डॉक्टर दोघींनाही म्हणाले. ते खरंच असेल. पण 'सांगता येत नाही' हे उत्तर घेऊन घरी राहणं फार कठीण असतं. मी त्या घरासमोर टांगलेली आहे, मी पाहिलं आहे.

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. निळी गाडी भिंतीशी उभी राहिली, फुटक्या काचेवर प्लास्टिक बांधून. माझ्यासमोर कोणीच गाडी लावेना. गल्लीत इतकी अडचण, पण ती जागा रिकामी. पाहुण्यांना लोक तीन गल्ल्या पलीकडे गाडी लावायला सांगत. जी जागा मोकळी राहावी म्हणून मी इतकी वर्षं उन्हापावसात टांगून घेतलं, ती अखेर पूर्ण मोकळी झाली. मला ती पाहवत नव्हती.

तेराव्या की चौदाव्या दिवशी मुलगी फाटकापाशी आली. कशासाठी आली होती ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने नेहमीसारखा माझ्या कडेवर हात ठेवला, वाकलेला कोपरा तिच्या बोटाला लागला, तिने बोट मागे घेतलं आणि काय लागलं म्हणून खाली पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने मला वाचलं.

पहिली ओळ. आणि मग दुसरी.

तिने ती पुन्हा वाचली. मग तिने हाक मारली, "आई, हे कधी लिहिलं?"

मास्तरीणबाई पायरीवर आल्या. "काय गं?"

"ही खालची ओळ."

"ती होय. तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी. सगळी गल्ली जमली होती. तुला बोलले नाहीत का?" आणि मग, बोलता बोलता, त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढला आणि त्या आत गेल्या.

मुलगी तिथेच खाली बसली, फाटकाला पाठ लावून. समोरून ठेकेदार आले. हाताची पट्टी अजून सुटली नव्हती. ते तिच्यापासून थोड्या अंतरावर कडेला बसले.

"त्यांनी ढकलून पाहिली होती," ठेकेदार म्हणाले. "तुझी गाडी. तुम्ही दोघी गेल्यावर."

तिने मान वर केली नाही.

"हलली नाही. दोनदा ढकलली. मी म्हटलं, मास्तर, घरातच मोडला की नियम. तर हसले. म्हणाले, 'विसरली नाही बघा. एकूण एक सगळं केलं.' इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं."

मित्रांनो, त्या दिवशी स्कूटरच्या आवाजात मला ऐकू आले नव्हते ते हे शब्द.

मुलगी म्हणाली, "मग मला सांगितलं का नाही? किल्ली माझ्याजवळ होती. परत फिरले असते. तुम्ही तरी हाक मारायची."

"मी?" ठेकेदारांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "मास्तरांच्या मुलीला गाडी कशी लावायची ते मी सांगू? वाटलं, दोन घटकांचं तर काम आहे. त्यांनाही तेच वाटलं असेल." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "दुसऱ्या कोणाची असती ना, तर कोपऱ्यापर्यंत धावत गेलो असतो."

हे ऐकून तिला बरं वाटलं असेल असं समजू नका. तिला बरं वाटलं नाही. त्या दिवसापासून तिच्याजवळ एकाऐवजी दोन गोष्टी झाल्या, एवढंच, आणि त्या एकमेकींना सोडत नाहीत. आपण लावलेल्या ब्रेकने वाट अडली, ही एक. तोच ब्रेक पाहून बाबा खूश झाले, ही दुसरी.

जाण्याच्या आदल्या दिवशी तिने रंगाचा डबा आणला. माझा वाकलेला कोपरा तिने ठोकून सरळ केला नाही. निळा ओरखडाही तसाच ठेवला. जुन्या अक्षरांवरून तिने ब्रश फिरवला, जिथे होती तिथेच. 'नये' बारीक होतं ते बारीकच ठेवलं. दुसरी ओळ तिरकी होती, ती तिरकीच गिरवली. वडिलांच्या हाताच्या वळणावरून ती जितकी हळू गेली, तितकं हळू मला कोणी कधी रंगवलं नव्हतं.

आता ती महिन्या-दोन महिन्यांनी आईकडे येते. गल्लीने तिच्यासाठी माझ्यासमोरची जागा सोडलेली असते. पहिल्यांदा ती तिथे आली तेव्हा गाडी थांबवून पुष्कळ वेळ आत बसून होती. ओठ हलले, पहिल्याच शब्दाशी थांबले. शेवटी ती उतरली. मागे जाऊन तिने गाडीला एक तळवा टेकवला आणि हलकेच ढकललं. गाडी वीतभर सरकली. तिने मागे वळून फाटकाकडे पाहिलं. तिथे मी होते, दुसरं कोणी नव्हतं. दहापैकी किती, हे मला सांगता येत नाही.

मित्रांनो, दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावू नका, हे तर मी आयुष्यभर सांगत आलेच आहे. लावलीच तर ती दुसऱ्याला हलवता येईल अशी ठेवा, हेही माझ्यावर लिहिलेलं आहे. पण माझं खरं मागणं आणखी एक आहे आणि ते माझ्यावर मावलं नाही. परक्याला आपण नियम स्पष्ट सांगतो. आपलं माणूस समोर आलं की तोंडाशी आलेलं वाक्य गिळतो, कधी मायेने, कधी भिडेने, कधी दोन घटकांचं तर काम आहे म्हणून. तसं करू नका. आपलं माणूस दारात आलं की त्याला आत घ्या, पाणी द्या, दहापैकी दहा द्या. आणि मग त्याचा हात धरून फाटकाशी आणा, आणि पाटी मोठ्याने वाचून दाखवा. शेवटच्या ओळीपर्यंत.